निरोगी बाई क्रमांक सतरा

"डोकं? माझं डोकं कशाला दुखंल? त्याला रिकामा येळ लागतोय," हौसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी शेजारी बसलेल्या सुनेकडे असं पाहिलं, की रिकामा वेळ कोणाकडे आहे ते मला वेगळं विचारावं लागलं नाही.

मी फॉर्मवर खूण केली. डोकेदुखीचा त्रास : नाही.

सून उज्ज्वला, वय पंचवीस. पदराचा बोळा डाव्या डोळ्यावर दाबून ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. दोघींच्या साड्यांना भाजलेल्या मिरचीचा एवढा वास होता, की एमआरआय मशीन चालवणारे आमचे इनामदार काचेपलीकडे बसून सटासट शिंकत होते. खोतांच्या घरी कांदा-लसूण मसाल्याचा धंदा होता. उन्हाळाभर भट्टीवर कढई आणि कढईपुढे घरातली बाई. पूर्वी ती बाई म्हणजे हौसाबाई. आता तिथे उज्ज्वला बसायला हवी होती, पण ती काही टिकत नव्हती.

"हिला काय हाय ते मशिनीत बगा," हौसाबाई म्हणाल्या. "भट्टीवर बसवली की तासाभरात डोकं धरून आत. आंधार करा म्हणं, भांडी वाजवू नका म्हणं. आठवड्यातनं दोनदा. मी हिच्या भावाला सांगून टाकलंय. मशिनीत कायतरी दिसलं, तर हिला भट्टीवरनं उठवीन, पुड्या बांधायला बसवीन. न्हाई दिसलं तर ढोंग हाय. मग तुमची भन तुमच्याकडं घिऊन जावा."

"आत्या, मी ढोंग न्हाई करत ओ," उज्ज्वला म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची, आमच्या कोल्हापूरकडच्या रीतीप्रमाणे.

"मशीन सांगंल की."

मशीन सांगेल, असं त्या वेळी मलाही वाटत होतं. मशीनवर माझा फार विश्वास होता. माणसांना काय विचारायचं ते मला कळतं, असंही मला वाटायचं. त्याचं आज जास्त हसू येतं.

त्या सरकारी मेडिकल कॉलेजचं नाव सांगत नाही. तिथे डॉक्टर निरंजन उपासनी नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ होते आणि त्यांनी स्त्रियांच्या अर्धशिशीवर अभ्यास काढला होता. मी समाजकार्याची पदवी घेऊन त्यांच्याकडे संशोधन सहायक म्हणून लागले होते. अंगात पांढरा कोट असल्यामुळे येणारी प्रत्येक बाई मला सिस्टर म्हणायची. पहिला महिनाभर मी प्रत्येकीला "मी नर्स नाही" असं सांगितलं. दुसऱ्या महिन्यात नाद सोडला.

अभ्यास सोपा होता. तीस बायका अर्धशिशीवाल्या, तीस निरोगी. एकेकीला एमआरआयच्या नळीत झोपवायचं आणि डोळ्यांपुढच्या पडद्यावर काळे-पांढरे चौकोन लुकलुकवायचे. अर्धशिशीवाल्या मेंदूचा मागचा भाग हे चौकोन बघून जास्त चेकाळतो, असं सरांचं म्हणणं होतं. तो चेकाळलेला भाग चित्रात लाल-पिवळा उमटणार, निरोगी मेंदूत तेवढा उमटणार नाही, आणि तो फरक घेऊन सर व्हिएन्नाच्या परिषदेला जाणार. तीन आठवड्यांनी प्रत्येक बाईला सरांच्या सहीचं पत्र मिळणार होतं. हौसाबाईंना हवं होतं ते पत्र.

अर्धशिशीवाल्या भराभर मिळाल्या. अडलं ते निरोगी बायकांपाशी. सर म्हणाले, "बरोबर येणाऱ्या नातेवाईक घ्या. एकच घर, एकच पाणी, एकच जेवण. उत्तम कंट्रोल." तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी बाईला ते कंट्रोल म्हणायचे. त्यामुळे सुनांबरोबर आलेल्या पन्नाशीच्या आतल्या सासवा, जावा आणि नणंदा मी धरून बसवू लागले. त्या खुशीत फॉर्म भरायच्या. सून आजारी आणि आपण निरोगी, हे सरकारी दवाखान्यात लिहून घेतलं जातंय म्हटल्यावर कोणाला आवडणार नाही?

एकच अडचण आली. फॉर्ममध्ये शेवटी "इतर आजार" असा रकाना होता आणि त्यात जवळजवळ प्रत्येक निरोगी बाई एकच शब्द सांगायची. मी सरांकडे गेले.

"सर, यांना पित्त आहे. चालेल का?"

सर हसले. "अहो शिर्के, महाराष्ट्रात पित्त कोणाला नाही? ते धरलं तर मला एकही कंट्रोल मिळणार नाही. चालेल."

मी "पित्त" लिहीत गेले आणि ते चालत गेलं. तिसावी निरोगी बाई काही केल्या मिळेना, तेव्हा सर म्हणाले, "तुम्हीच झोपा की. तुम्हाला डोकेदुखी नाही ना?" मी म्हटलं, "नाही सर, नुसतं पित्त." तेही चाललं.

हौसाबाई सतरा नंबरच्या. वय शेहेचाळीस. त्यांनी जोडवी, बुगड्या, पिना असं सगळं उतरवून उज्ज्वलाच्या ओंजळीत दिलं.

"धर. आणि तेवढ्यात घालून बघू नगंस."

नळीत जाताना बायका घाबरायच्या, आतल्या ठकठकाटाने रडायच्या. हौसाबाई घाबरल्या नाहीत. आमची कांडप मशीन याच्यापेक्षा मोठ्यानं वाजते, असं त्यांनी इनामदारांना सांगितलं. पण चौकोन सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, त्या आतून ओरडल्या, "ते चकचक बंद करा ओ!" इनामदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइकवरून म्हटलं, "हौसाबाई, थोडंच राहिलंय, हलू नका." त्या हलल्या नाहीत. पुरी वीस मिनिटं पडून राहिल्या आणि बाहेर काढल्याबरोबर ट्रेमध्ये भडाभडा ओकल्या.

"काय झालं?"

"काय न्हाई. उपाशी आलेय न्हवं. पित्त उसळलं."

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : उपाशी पोटी आल्याने पित्त. अक्षर माझं फार सुरेख होतं त्या काळी.

उज्ज्वलाचा नंबर त्याच दिवशी दुपारी लागला. चौकोन पाहून तीही ओकली. तिच्या फॉर्मवर मी लिहिलं : अर्धशिशीचा झटका.

तीन आठवड्यांनी आकडेमोड झाली. उपासनी सर टेबलाशी बसून दोन चित्रं पुन्हा पुन्हा शेजारी ठेवत होते. एक अर्धशिशीवाल्या तीस जणींचं मिळून, एक निरोगी तीस जणींचं मिळून. दोन्हींत मेंदूचा मागचा भाग सारखाच लाल. मला वाटलं एकच चित्र दोनदा छापलंय.

"फरकच नाही," सर म्हणाले. दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र दाढी करून, टाय लावून, प्रसन्न चेहऱ्याने आले.

"शिर्के, फरक नाही हाच निष्कर्ष! अर्धशिशीवाल्या बायकांचा मेंदू निरोगी बायकांसारखाच चालतो. म्हणजे दोष मेंदूत नाही. मग कुठे आहे?"

मी दोन्ही चित्रांकडे पुन्हा पाहिलं.

"मनात!" ते म्हणाले आणि कपाळाची डावी बाजू चोळत त्यांनी ड्रॉवरमधून गोळी काढून घेतली. त्यांचंही डोकं महिन्यातून दोनदा तरी उठायचं. पण ते डॉक्टर होते आणि पुरुष होते, त्यामुळे त्याला कामाचा ताण म्हणायचे.

पत्रांचा मजकूर त्यांनी त्याच दिवशी सांगितला. निरोगी गटासाठी : "आपण निरोगी आहात." अर्धशिशीवाल्यांसाठी : "मेंदूत कोणताही दोष आढळला नाही. त्रास मानसिक स्वरूपाचा असावा." मी साठ पत्रं छापली, सरांच्या सह्या घेतल्या, विभागाचा शिक्का मारला. शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये असायचा. उज्ज्वलाचं पत्र हातात आलं तेव्हा मात्र माझा हात थांबला. मानसिक याचा खोतांच्या घरी काय अर्थ लावतील, ते सांगायला मेंदूविकारतज्ज्ञ नको होता.

सोमवारी सकाळी अकराला त्या दोघी पत्र घ्यायला आल्या. चालत येणाऱ्या दोघींत आजारी कोण, ते मला आधी कळेना. उज्ज्वला ताठ चालत होती. हौसाबाईंनी डोक्याला फडका करकचून बांधला होता आणि त्या सुनेच्या दंडाला धरून, एक डोळा मिटून येत होत्या.

"सिस्टर, ती टूबलाइट बंद करा आदी," त्या म्हणाल्या.

मी दिवा बंद केला. त्या खुर्चीवर बसल्या, लगेच उठल्या, कोपऱ्यातल्या बेसिनशी गेल्या आणि ओकल्या. उज्ज्वलाने न सांगता त्यांची पाठ चोळली.

"काय होतंय हौसाबाई?"

"काय न्हाई. पित्त."

"आत्यांचं पित्त लई वाईट हाय," उज्ज्वला म्हणाली. "महिन्यातनं तीन-चारदा येतंय. पण त्या तशाच बसत्यात भट्टीवर. माझ्यागत आत न्हाई पळत." शेवटचं वाक्य तिचं नव्हतं, ते घरात रोज ऐकून तिच्या तोंडात बसलेलं होतं.

मी सहज म्हणून विचारलं, "दुखतं कुठं?"

मला वाटलं हात पोटावर जाईल. हौसाबाईंनी तो उजव्या कानशिलावर ठेवला.

"हितं. घण मारल्यागत."

"एकाच बाजूला?"

"एकाच. कवा ही, कवा ती."

"अहो, मग डोकं दुखतंय म्हणा की!"

"डोकं न्हाई ओ दुखत," त्या वैतागून म्हणाल्या. एवढी शिकलेली पोर आणि एवढंही कळत नाही, असा तो सूर होता. "पित्त डोक्यात चढतंय. उलटी झाली की उतरतंय. डोकं दुखायला मी काय ही हाय का?"

"आणि ते यायच्या आधी डोळ्यांपुढं काही दिसतं?"

"दिसतंय की. चकचक, नागमोडी. तुमच्या मशिनीत हुतं तसंच. त्यावरनंच कळतंय, आता येणार म्हणून."

"कधीपासून आहे हे?"

"न्हाण आल्यापासनं."

 त्यांना थांबा म्हणून मी आतल्या खोलीत गेले आणि निरोगी गटाची फाईल काढून जमिनीवर पसरली. एक नंबर, पित्त. दोन नंबर, पित्त. तीन नंबरच्या बाईने पित्ताबरोबर "उन्हात गेल्यावर" असंही सांगितलं होतं आणि मी ते कंसात लिहून ठेवलं होतं. तिसांतल्या तेवीस जणींना पित्त. सगळ्या गावभरच्या अर्धशिश्या मी एकेक करून निवडल्या होत्या आणि निरोगी म्हणून ओळीने बसवल्या होत्या. तिसावा फॉर्म माझा. माझ्या आईला पित्त, मावशीला पित्त, मला पित्त. परीक्षेच्या आदल्या दिवशी अंधाऱ्या खोलीत पडून आमसुलाचं सार पिणारी मी, आणि पोटाचं दुखणं अर्ध्या डोक्यात कसं काय होतं हा प्रश्न पदवी मिळेपर्यंत मला पडला नव्हता. मला तिथे जमिनीवर बसल्या बसल्या फार लाज वाटली.

तशीच फाईल घेऊन मी सरांकडे गेले.

"सर, आपल्या निरोगी गटाला अर्धशिशी आहे."

"कोण म्हणतं?"

"हौसाबाई खोत."

"त्या कोण? न्यूरॉलॉजिस्ट?"

"कंट्रोल सतरा. सर, त्या ज्याला पित्त म्हणतात ते हेच आहे. तेवीस जणी आहेत अशा. म्हणून चित्रात फरक दिसत नाही. दोन्हीकडे आपण त्याच बायका घातल्यात."

सरांनी फाईल उघडली नाही. "पित्त पोटात असतं, शिर्के. आणि आपण पोटाचा एमआरआय केलेला नाही."

"पण सर, तुम्हीच म्हणालात पित्त चालेल."

"असं कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"प्रश्नावली मराठीत कोणी केली?"

"मी."

"मग?" ते म्हणाले. जरा वेळाने त्यांना माझी दया आली असावी. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, हे सगळं रद्द करायचं म्हटलं तर मला नव्या तीस बायका लागतील. ज्यांना डोकेदुखी नाही आणि पित्तही नाही. तुमच्या ओळखीत अशी एक तरी आहे? एक सांगा, मी व्हिएन्नाचं तिकीट रद्द करतो."

मी खरंच आठवून पाहिलं. आई, मावशी, खोलीवरच्या दोघी मैत्रिणी, आमची घरमालकीण. एकही नाव पुढे येईना.

"बघा," सर म्हणाले.

तो निबंध पुढे व्हिएन्नाला वाचला गेला. टाळ्याही पडल्या म्हणतात. छापून आला तेव्हा शेवटी आभारात माझं नाव होतं, पण चारुशीलाऐवजी चारुलता. मी ते दुरुस्त करायला सांगितलं नाही. तेवीस जणींचे आजार चुकीचे लिहिणारीने आपलं एक नाव चुकलं म्हणून तोंड वर करून बोलावं, एवढी मी निर्ढावलेली नव्हते.

पण ते नंतर. त्या सोमवारी मी सरांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा हौसाबाई अंधारात भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या आणि उज्ज्वला माझ्या हाताकडे बघत होती. निकालाचं पत्र त्या हातात असणार, असं तिला वाटत होतं.

"दिसलं का ओ काय?" तिने विचारलं.  "दादा उद्याच्याला येणार हाय न्यायला. काय न्हाई दिसलं तर."

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. "हौसाबाई, तुमच्या दोघींच्या मेंदूचा फोटो सारखाच आलाय. काडीचा फरक नाही."

"म्हंजे ढोंगच की," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "मी निरोगी, मग तीबी निरोगी."

"उलटं आहे. तुम्हाला जे होतं, तेच तिला होतं. अगदी तेच."

त्यांनी एक डोळा उघडला. "हिला पित्त हाय?"

"हो."

"मग तसं म्हण की ग भवाने!" त्या सुनेवर कडाडल्या आणि त्या आवाजाने स्वतःच कळवळून कानशील दाबून बसल्या. "डोकं डोकं काय लावलंयस दोन वर्सं! पित्त म्हनली असतीस तर मी एक शब्द बोलले असते का?"

"पण ते पित्त नाही, हौसाबाई. आजार आहे. मेंदूचा. त्याला अर्धशिशी म्हणतात, औषधं असतात. धुरानं आणि ठसक्यानं वाढतो. तुम्हालाही तोच आहे."

त्यांनी उघडलेला डोळा पुन्हा मिटला. बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, तेवढा चाकांचा आवाज झाला.

"मी बी आदी डोकंच म्हनत हुते," त्या मग म्हणाल्या. "नवी नवी आले तवा. सासू म्हनायची, नाटकं करतीस. तोंडावर तांब्याभर पाणी मारून उठवायची. मग एकदा शेजारनीनं सांगितलं, डोकं म्हनू नगंस, पित्त म्हन. पित्त म्हटल्यावर कोण नाटकं म्हनत न्हाई." त्यांनी फडक्याची गाठ चाचपली. "पण भट्टीवरनं उठवतबी न्हाई कोण."

उज्ज्वला रडत होती. मलाही रडू येत होतं आणि सरांचा राग येत होता, आणि त्या रागाआड लपायला मी बघतेय हेही कळत होतं. मी ड्रॉवर उघडला. सरांच्या सहीचं उज्ज्वलाचं पत्र फाडून टाकलं आणि विभागाच्या कोऱ्या कागदावर माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं : उज्ज्वला खोत यांना अर्धशिशी हा आजार आहे. त्यांनी भट्टी, धूर आणि मिरचीचा ठसका यांपासून कायम दूर राहावे. खाली कोणाला वाचता येणार नाही अशी सही केली आणि शिक्का दाबून मारला. नोकरी गेली असती. गेली नाही, कारण त्या विभागात कागद कोणी वाचायचं नाही.

"हे भावाला दाखव. घरात सगळ्यांना दाखव," मी म्हटलं. उज्ज्वलाने तो दोन्ही हातांनी घेतला.

मग मी दुसरा कोरा कागद ओढला. "आता तुमचं लिहिते, हौसाबाई. तसंच."

त्यांनी कागदावर हात ठेवला. बोटांची टोकं मिरचीने लाल झालेली होती, कायमची.

"माझ्या कागदावर आत्ता काय लिवलंय?"

"निरोगी."

"ऱ्हाऊ दे मग."

"अहो, पण ते खोटं आहे."

"दोगीबी आजारी म्हटल्यावर भट्टीवर कोण बसंल? पोरगा? का त्याचा बा?" त्या म्हणाल्या. "एकीचा कागद घरात खपतोय, सिस्टर. दोगींचा न्हाई खपायचा. मग दोन्हीबी खोटे ठरत्याल."

"आत्या, आज मी बसते," उज्ज्वला म्हणाली.

"गप बस. तुझा कागद झालाय."

मी सतरा नंबरचं छापील पत्र त्यांच्यापुढे धरलं. मला वाद घालता आला असता. मी घातला नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून निरोगी कुठे लिहिलंय ते त्यांनी विचारलं. मी त्या शब्दावर बोट ठेवलं. मिटल्या डोळ्याने त्यांनी तिथे पाहिलं, न पाहिलं. मग कागदाची चौपदरी घडी करून पिशवीत टाकली, डोक्याचा फडका सोडून पुन्हा घट्ट बांधला आणि उठल्या. साडेबाराची एसटी गाठायची होती आणि घरी गेल्यावर दोन पोती मिरची भाजायची होती.